शेवटच्या पानाचा पिवळा ठिपका

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे, पण शाळेतला नव्हे. शाळेतल्या फळ्याचं आत्मवृत्त तुम्ही निबंधाच्या वहीत लिहिलंच असेल आणि दहापैकी सहा गुणही मिळवले असतील. मी नाशिकच्या पंचवटीतल्या, पेठ नाक्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका लहानशा वाचनालयाचा फळा. माझ्यावर कधी पाढे लिहिले गेले नाहीत, की ‘गप्प न बसणाऱ्या मुलांची नावे’ही नाहीत. दर महिन्याच्या एक तारखेला माझ्यावर नव्या कादंबऱ्यांची नावं लिहिली जात. या महिन्यात काय वाचावं, एवढंच लोकांना सांगायचं माझं काम. काम तसं लहान, पण लोक माझ्यावर विश्वास ठेवत. विश्वास ठेवणाऱ्या एका बाईला मी फसवलं, आणि ते ओझं अजून माझ्या अंगावर आहे. ते तुम्हाला सांगून टाकतो.

मला गेणू सुतारानं घडवलं. सुरगाण्याकडच्या कुणा घराची सागवानी फळकुटं त्याच्याकडे पडून होती, त्यांतली तीन जोडून त्यानं मला उभं केलं. मधला सांधा काही नीट बसला नाही. तिथे आजही खडू ठेचकाळतो. काळं करायला बाजारातला रंग आणावा असं गेणूचं म्हणणं होतं, पण मोतीराम नानांनी टॉर्चचे जुने सेल फोडून आतली काळी पूड काढली, भोपळ्याच्या पानांच्या रसात कालवली आणि स्वतःच्या हातानं माझ्या अंगाला चोळली. तीन दिवस मी अंगणात वाळत पडलो होतो. शेजारच्या कोंबड्या माझ्यावरून फिरून गेल्या, हे मी अजून विसरलेलो नाही.

हे मोतीराम नाना आमचे ग्रंथपाल. त्यांनी तीस वर्षं ओझरच्या विमान कारखान्यात तपासनीस म्हणून काढली होती. तिथली एक रीत ते सगळ्यांना सांगत. एखादा बोल्ट आवळून झाला, मापून झाला, पुन्हा हातानं चाचपून झाला, की तपासणारा त्याच्यावर रंगाचा एक ठिपका देणार. ठिपका दिला म्हणजे माणसानं शब्द दिला. त्या शब्दावर वैमानिक आकाशात जातो, तो काही बोल्ट मोजत बसत नाही. निवृत्त होऊन नाना वाचनालयात आले आणि ती रीत त्यांनी माझ्यावर आणली. कादंबरी शेवटच्या पानापर्यंत वाचली असेल, तरच तिच्या नावापुढे पिवळ्या खडूचा ठिपका. नाव कोणतंही लिहावं, ठिपका मात्र वाचल्याशिवाय नाही.

दर महिन्याला पाच कादंबऱ्या, पाच तऱ्हांच्या. नानांचं अक्षर टपोरं, आणि शिफारस करायची पद्धत जरा तिरकस. एकदा त्यांनी लिहिलेलं मला पाठ आहे. ‘सहा नंबरचं कुलूप. रहस्य. खुनी कोण ते शेजाऱ्याला सांगू नका, मला कळायला दोनशे दहा पानं लागली.’ त्याखाली, ‘तांबड्या पागोट्याचा हरकारा. ऐतिहासिक. पहिली तीस पानं जड आहेत, मग घोडा सुटतो.’ ‘चंद्रावरची पाणपोई. विज्ञान कमी, माणसं जास्त. दहावीच्या मुलांनी परीक्षेनंतर.’ ‘बिनखिडकीची खोली. भयकथा. भीती वाटली नाही, पण दार दोनदा तपासलं.’ आणि शेवटी, ‘दोन घरं सोडून तिसरं. प्रेमकथा. लग्न होत नाही, आधीच सांगतो, मागाहून भांडू नका.’

मला दरवाजाबाहेर, ओट्यावर उभं करत. समोरच मखमलाबादकडे जाणाऱ्या बसचा थांबा. बसची वाट पाहणारी माणसं मला वाचत, आणि त्यांतलं एखादं पायरी चढून आत येई. गोजराबाई अशीच आली. मखमलाबादला तिच्या घरचा झेंडू आणि शेवंतीचा मळा. पहाटे गणेशवाडीच्या फुलबाजारात फुलं विकायची, दुपारी रिकामी पाटी घेऊन थांब्यावर यायचं. शाळा सातवीपर्यंत झालेली, पुढे लग्न. पहिल्यांदा ती पायरीवर उभी राहूनच बोलली.

“मास्तर, हे पिवळं पिवळं काय लावलंय?”

नानांनी तिला ओझरचा बोल्ट, वैमानिक, सगळं सांगितलं. तिनं मन लावून ऐकलं आणि म्हणाली, “म्हंजी तुम्ही चाखून मंग वाढता. द्या मंग ते कुलपाचं.”

त्या दिवसापासून बारा वर्षं तिनं दर महिन्याला एक कादंबरी नेली. ठिपका नसलेल्या पुस्तकाला ती हात लावत नसे. परत आणताना पुस्तकाला झेंडूचा वास येई, त्यामुळे तिच्या नंतर कोणी ते नेलं तर त्याला गोजराबाई काय वाचत होती ते आपोआप कळे.

पुढे नानांना काचबिंदू झाला. एका एक तारखेला त्यांनी नेहमीप्रमाणे पाच नावं लिहिली आणि ठिपके दोनच दिले. लोकांनी विचारलं, तर म्हणाले, “दोनच वाचून झाल्या.” पुढच्या महिन्यात एक. त्याच्या पुढच्या महिन्यात नाना खडू घेऊन माझ्यासमोर बराच वेळ उभे राहिले आणि एकही ठिपका न देता खाली बसले. मग ते मुलीकडे पुण्याला गेले. जाताना त्यांनी पिवळ्या खडूची डबी नव्या ग्रंथपालबाईंच्या हातात दिली.

या नव्या बाई म्हणजे प्रतिभा. दिंडोरीची मुलगी, ग्रंथालयशास्त्र शिकलेली, रोज एसटीनं येणारी. ती पोर वाईट नव्हती, हे मी आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही तिला नावं ठेवाल. पहिलं वर्षभर ती प्रत्येक कादंबरी शेवटपर्यंत वाचायची. एसटीत वाचायची, डबा खाताना वाचायची. खूण म्हणून एसटीचं तिकीट पानात घालायची. तिच्या अक्षराला नानांची सर नव्हती, पण ठिपका ती अगदी जपून, गोल द्यायची.

टाळेबंदीत आमच्याकडे कुत्रंही फिरकलं नव्हतं. त्यानंतर सभासद गळत गेले. तेव्हा आमचे कार्यवाह महेशभाऊ यांनी एक युक्ती काढली. ते द्राक्षांच्या खोक्यांचे व्यापारी, वाचन बेताचंच, पण वाचनालयावर जीव. छप्पर गळायला लागलं तेव्हा पत्रे त्यांनीच टाकून दिले होते. त्यांनी माझा फोटो काढला आणि ‘या महिन्यात वाचा’ नावाचा व्हॉट्सअॅप गट सुरू करून त्यावर टाकला. तो फोटो इतका फिरला की कॉलेजची मुलंमुली माझ्याशेजारी उभी राहून स्वतःचे फोटो काढू लागली. गटात आठशे माणसं जमली. पाच कादंबऱ्यांच्या आठ झाल्या, आठाच्या बारा. रहस्य, इतिहास, विज्ञान, प्रेम, भय, विनोद, ग्रामीण, शहरी, जे बाजारात नवं येईल ते माझ्यावर.

एका महिन्यात बारा कादंबऱ्या वाचून कोण संपवणार? तीस तारखेला आठव्या कादंबरीची चाळीस पानं राहिली होती. प्रतिभानं ठिपका दिला आणि पुटपुटली, “उद्या वाचून टाकते.” दुसऱ्या दिवशी तिनं ती चाळीस पानं खरंच वाचली. म्हणूनच पुढच्या महिन्यात तिला भीती वाटली नाही. त्या महिन्यात शंभर पानं राहिली, आणि ती राहिलीच. मग बिनठिपक्याची पुस्तकं कपाटात पडून राहू लागली, तेव्हा महेशभाऊ तिला म्हणाले, “ताई, सगळ्यांनाच लावून टाका ना. पिवळा रंग फोटोत छान उठतो.”

“भाऊ, त्या ठिपक्याचा अर्थ वेगळा आहे.”

“अर्थ आता कोणाला माहितीये? नाना होते तेव्हाचं ते.”

प्रतिभानं पिवळ्या खडूची डबी उघडली. त्या महिन्यात माझ्या अंगावर बारा नावं आणि बारा ठिपके आले. मला बोलता येत नाही, हे खरं. पण त्या ठिपक्यांत मी देखणा दिसत होतो आणि मला ते आवडत होतं, हे त्याहून खरं आहे. मी निर्धास्त मात्र नव्हतो. कारण ठिपक्याचा अर्थ माहीत असलेलं एक माणूस समोरच्या थांब्यावर रोज उभं राहत होतं.

त्याच वर्षी गोजराबाईवर आभाळ कोसळलं. तिची धाकटी लेक सुवर्णा दिंडोरीकडच्या एका गावात दिलेली, द्राक्षबागायतदाराच्या घरात. तुम्ही शेततळं पाहिलं असेल. सगळ्या बाजूंनी गुळगुळीत प्लास्टिक अंथरलेलं असतं, पाय घसरला की धरायला काही मिळत नाही. औषध फवारणीसाठी पाणी काढायला सुवर्णा गेली आणि परत आलीच नाही. तिची मुलगी वेदिका, अकरा वर्षांची, तेव्हापासून आजीकडे राहायला आली.

चार-पाच महिने गोजराबाई थांब्यावर उभी राही, पण माझ्याकडे बघत नसे. दिवाळीची फुलांची धांदल संपल्यावर एका दुपारी ती पायरी चढली. फार वाळली होती. पाटी खाली ठेवून म्हणाली, “ताई, एक विचारू का? असं एखादं पुस्तक हाय का, ज्यात कोणी मरत नाय?”

प्रतिभाला सुवर्णाचं कळलेलं होतं.

“पोर आणलीये घरी. येदिका. बोलतच नाय ओ. विचारलं तेवढंच, हां नायतर ना. म्हणलं रोज संध्याकाळी तिला एक एक धडा वाचून दाखवीन. लय दिवस झाले, आमच्या घरात कोणी हसलं नाय.”

प्रतिभानं माझ्याकडे पाहिलं. सातव्या ओळीवर तिची नजर थांबली. तिथे तिनंच लिहिलं होतं, ‘पेरूवाडीची पोस्टमास्तरीण. विनोदी. घरातल्या सगळ्यांनी मिळून वाचावी.’ पुढे पिवळा ठिपका.

“ही न्या मावशी. डोंगरातल्या गावची पोस्टमास्तरीण आणि तिची मुलगी. मी तर एसटीत एवढी हसले की कंडक्टर बघायला लागला.”

“कोणी मरत नाय ना?”

“नाही हो. हसाल नुसत्या.”

“ठिपका हाय, मंग इचारायचं कामच नाय,” असं म्हणून गोजराबाईनं पुस्तक पदराखाली घेतलं.

मित्रांनो, प्रतिभा एसटीत हसली होती हे खोटं नव्हतं. पण ती बावन्न पानं हसली होती. पुस्तक तीनशे पानांचं होतं, आणि बावन्नाव्या पानावर तिचं दिंडोरी-नाशिक तिकीट अजून तसंच होतं. मी ते पाहिलं होतं. मला हात असते, तर मी तिथेच माझा ठिपका झाकला असता.

पुढचे पंधरा दिवस मात्र फार गोड गेले. गोजराबाई रोज दुपारी थांब्यावरूनच आरोळी देई. “ताई, काल पोस्टमास्तरणीच्या बकरीनं मनिऑर्डरचा कागद खाल्ला! येदिका हसली ओ, तोंडावर हात धरून हसली!” दुसऱ्या दिवशी, “आज पोरगी स्वतःहून म्हणली, आजी अजून एक पान.” प्रतिभा दारात येऊन ऐके आणि तिचा चेहरा फुले. आमच्याकडे झाडलोट करणारी अक्काबाई माझी चौकट पुसता पुसता म्हणाली, “बघ रे फळ्या, पोर बोलती झाली.” मीही फुशारलो. ठिपका खोटा आहे हे विसरलो.

मग एक दिवस गोजराबाईची आरोळी आली नाही. ती पायरीपर्यंत आली आणि हळू आवाजात बोलली.

“ताई, आई टपाल घेऊन नदीपल्याडच्या पाड्यावर गेलीये, आणि दोन धडे झाले, परत आली नाय. पूर आलाय म्हणत्यात. येदिका रात्री झोपंना. सारखी बघती माझ्याकडं. मंग मी तिला सांगून टाकलं, येती गं तिची आई. ठिपका हाय त्या पुस्तकावर, ताई बोलल्यात. येणार म्हंजी येणार.”

प्रतिभाचं तोंड पांढरं पडलं. तिनं मान डोलावली, पण नीट डोलावलीसुद्धा नाही. गोजराबाईची बस आली आणि ती गेली.

त्या दुपारी प्रतिभानं काय केलं ते मी सगळं पाहिलं. आमच्याकडे त्या कादंबरीची एकच प्रत, ती मखमलाबादला. रविवार कारंजापर्यंतच्या दोन दुकानांत तिनं फोन केले, प्रत संपलेली. मग गटावर विचारलं, ‘पेरूवाडीची पोस्टमास्तरीण कोणी पूर्ण वाचली आहे का? शेवट काय आहे? तातडीचं आहे.’ आठशे माणसं होती त्या गटात. एकवीस जणांनी अंगठे पाठवले, चौघांनी पुस्तकाचं मुखपृष्ठ छान असल्याचं कळवलं. शेवट कोणालाच माहीत नव्हता. त्यांनी सगळ्यांनी माझा फोटो पाहिला होता, एवढंच.

आता एकच उपाय उरला होता. गोजराबाईला फोन करायचा आणि म्हणायचं, मावशी, थांबा, पुढे वाचू नका, मला शेवट ठाऊक नाही. प्रतिभानं तिचा नंबर काढला. तीनदा काढला. पण ते सांगायचं तर आधी ठिपका खोटा आहे हे कबूल करावं लागणार होतं. तिला ते जमलं नाही. फोन पर्समध्ये ठेवून ती दिंडोरीच्या एसटीला गेली, आणि मी ओट्यावर उभा राहिलो. तिकडे मळ्यातल्या घरात आजी पुस्तक उघडत असेल, हे मला कळत होतं.

तिसऱ्या दिवशी गोजराबाई आली. मला वाटलं ती ओरडेल, आणि ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं पुस्तक टेबलावर ठेवलं आणि तिकीट त्याच्यावर ठेवलं.

“ताई, तुम्ही वाचली व्हती का ही?”

प्रतिभानं ते तिकीट हातात घेतलं.

“बावन्न पानापुढं पानं करकरीत व्हती. एकमेकाला चिकटलेली. मला तवाच कळायला पाहिजे व्हतं. पण माझा ठिपक्यावर इस्वास.” तिचा आवाज चढला नाही. “पोस्टमास्तरीण वाहून गेली, ताई. आठ पानं ऱ्हायली असतील, मी पुस्तक मिटलं. पुस्तकात कोणी मरतं, त्याचं काय नाय. मरत्यात माणसं. पण मी पोरीला शब्द दिल्ता, येती म्हणून. माझ्या तोंडून खोटं बोलवलंत तुम्ही. आता ती माझ्याकडं बघत पण नाय.”

ती बाहेर आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. पदराचं टोक तोंडानं ओलं केलं, आणि सातव्या ओळीपुढचा ठिपका पुसला. सावकाश, घासून पुसला. झेंडूनं पिवळटलेल्या त्या बोटांचा दाब मला अजून जाणवतो.

“हा एक खोटा हाय, एवढं मला कळलं. बाकीचे तुम्हाला ठाव,” ती म्हणाली आणि थांब्यावर जाऊन उभी राहिली.

प्रतिभा दाराशी रडली. मग तिथेच उभ्या उभ्या तिनं त्या कादंबरीची उरलेली सगळी पानं वाचायला घेतली. संध्याकाळ झाली, शेवटची एसटी चुकायची वेळ आली, तेव्हा तिनं पुस्तक मिटलं. मग तिनं फडकं ओलं केलं आणि माझ्या अंगावरचे उरलेल्या अकरातले नऊ ठिपके पुसले. दोन ठेवले. ते दोन खरे होते.

दुसऱ्या दिवशी ती फुलबाजारात गेली होती. तिथं मी नव्हतो, पण परत येऊन तिनं अक्काबाईला सांगितलं ते मी ऐकलं. ती गोजराबाईला म्हणाली, “मावशी, माझं चुकलं. मी वाचली नव्हती.” गोजराबाई शेवंतीच्या वेण्या मांडत होती. ती म्हणाली, “फुलं घ्यायची का? नायतर बाजूला व्हा, गिऱ्हाईक उभं हाय.” वेदिका शेजारी पोत्यावर बसली होती. ती प्रतिभाच्या हातातल्या पिशवीतल्या पुस्तकाकडे बघत होती.

यानंतर माझे दिवस फिरले. पुढच्या महिन्यात प्रतिभा फक्त दोन नावं लिहिणार म्हणाली. महेशभाऊ वैतागले. “ताई, आठशे माणसं वाट बघतात. दोन नावांचा फोटो काय टाकू?” प्रतिभा हटली नाही. भांडण कोणी केलं नाही, पण आठवड्याभरात माझ्या जागी एक चकचकीत फ्लेक्स आला. त्यावर बारा मुखपृष्ठं छापलेली, आणि कोपऱ्यात पिवळ्या ठिपक्यांची नक्षी, नुसती शोभेला. मला आत नेऊन जिन्याखाली, पाण्याच्या पिंपाशेजारी भिंतीला टेकवलं. अक्काबाईनं मला पुसलंही नाही. “राहू दे तसंच,” म्हणाली. त्यामुळे त्या महिन्याची बारा नावं अंगावर घेऊन मी तिथं उभा राहिलो. पिंप पाझरतं, त्यानं माझा खालचा कोपरा फुगला आहे. वाळवीची एक रांग सांध्यापर्यंत आली आहे. लोक पाणी प्यायला येतात, पेला माझ्या चौकटीवर ठेवतात.

संक्रांत होऊन गेल्यावर एका शनिवारी, सकाळची शाळा सुटायच्या वेळी, दारात एक मुलगी आली. दप्तर पाठीला, दोन वेण्या. मी तिला कधी पाहिलं नव्हतं, पण तिच्या अंगाला झेंडूचा वास होता.

“ते पोस्टमास्तरणीचं पुस्तक आहे का?” तिनं विचारलं.

प्रतिभा खुर्चीतून उठली. “वेदिका, आजीला विचारलंस का?”

“आजी बाहेर उभी आहे. ती आत येत नाही म्हणाली.”

खरंच, गोजराबाई पायरीखाली पाटी घेऊन, रस्त्याकडे तोंड करून उभी होती. प्रतिभानं पुस्तक काढून दिलं. वेदिका पिंपाजवळच्या बाकावर, अगदी माझ्याशेजारी बसली आणि शेवटची आठ पानं तिनं ओठ हलवत वाचली. मला तिच्या खांद्यावरून दिसत होतं. त्या आठ पानांत पोस्टमास्तरीण परत येत नाही. तिची मुलगी एक दिवस आईच्या स्टुलावर जाऊन बसते आणि साचलेल्या पत्रांवर शिक्के मारायला लागते. पाय जमिनीला टेकत नाहीत, म्हणून कोणीतरी खाली टपालाची रिकामी पेटी सरकवतं. तिथे कादंबरी संपते.

वेदिकानं पुस्तक मिटलं. प्रतिभा तिच्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, “मी तुझ्या आजीला खोटं सांगितलं होतं. ती तुझ्याशी खोटं बोलली नाही.”

“मला माहितीये,” वेदिका म्हणाली. “पूर आला तेव्हाच मला कळलं होतं, ती येणार नाही. पण आजी म्हणत होती येईल. ती खूप दिवसांनी खूश होती, म्हणून मी बोलले नाही.”

वेदिकाचं लक्ष माझ्याकडे गेलं. तिनं सातवी ओळ वाचली, आजीनं घासलेला तो पुसट डाग पाहिला आणि उठून म्हणाली, “खडू आहे का?”

नानांची डबी अजून टेबलाच्या खणात होती. वेदिकानं आधी तळहातानं ‘विनोदी’ हा शब्द पुसला. मग पांढऱ्या खडूनं तिथे स्वतःच्या अक्षरात लिहिलं. सांध्यावर खडू ठेचकाळला, तिनं तो पुन्हा धरला. लिहून झाल्यावर पिवळा खडू घेतला आणि आजीनं पुसलेल्या जागी एक ठिपका दिला, जरा मोठाच. ठिपका द्यायला ह्या वाचनालयात त्या दिवशी तिच्याइतका हक्क दुसऱ्या कोणाला नव्हता. प्रतिभानंही ती कादंबरी वाचली होती, पण तिनं डबीला हात लावला नाही.

“आजी, ये ना, बघ,” वेदिकानं दारातून हाक मारली. गोजराबाई पायरी चढली नाही. तिनं तिथूनच मान पुढे करून जिन्याखालच्या अंधारात डोळे ताणले. तिनं ती ओळ वाचली का, मला खात्रीनं सांगता येणार नाही. तिनं पाटी काखेला मारली, पदर डोळ्याला लावला आणि नातीचा हात धरून बसकडे गेली. त्यानंतर वेदिका दर महिन्याला येते, एक पुस्तक नेते. गोजराबाई अजून पायरीखालीच उभी राहते.

मित्रांनो, माझ्यासाठी मी फार काही मागत नाही. पिंप तेवढं हातभर बाजूला सरकवा आणि वाळवीला औषध घाला. तुम्हीसुद्धा एकमेकांना म्हणत असताच, हे वाच, ते वाच, मस्त आहे. म्हणा, जरूर म्हणा. पण समोरचा माणूस काय घेऊन तुमच्या दारात आला आहे ते तुम्हाला दिसत नसतं. तेव्हा शेवटचं पान वाचलं नसेल, तर ‘वाचलं नाही’ एवढं सांगायला लाजू नका. ते सांगायला एक फोन पुरला असता.

अक्काबाई दर शनिवारी मला पुसते, पण सातवी ओळ सोडून. बाकीची अकरा नावं कधीच गेली. त्या एका ओळीवर थोडं प्रतिभाच्या, थोडं लहान मुलीच्या अक्षरात अजून लिहिलेलं आहे, ‘पेरूवाडीची पोस्टमास्तरीण. शेवटी आई येत नाही. तरी घरातल्या सगळ्यांनी मिळून वाचावी.’ आणि पुढे ठिपका आहे.